काठाला गेलेला भंडारा

एक काशाची वाटी डोळ्यांपुढे आण. काठोकाठ भरू नकोस, दोन बोटं जागा राहू दे. पाणी हलायचं थांबलं की त्यावर चिमटीभर हळद भुरभुर. बुडत नाही ना? पाण्याला जणू साय धरलेली असते, आणि त्या सायीवर पिवळी धूळ निवांत बसून राहते. आता त्या पिवळ्याच्या मधोमध बोट टेकव, झोपलेल्या कोकराच्या नाकाला लावावं इतक्या हलक्या हाताने. आणि समज, बोट टेकताक्षणी ती सगळी हळद दचकून चहूकडे पळाली आणि वाटीच्या काठाला जाऊन चिकटली. तुझ्या बोटाभोवती नुसतं स्वच्छ, रिकामं पाणी. आणि भोवती बसलेली तुझी सगळी माणसं एकदम गप्प झाली. काय वाटेल तुला?

सकाळी शिवारात वाटीपुढे बसलेल्या आळेफाट्याच्या संस्कृतीला आधी काहीच वाटलं नाही. उलट तिला ते फार सुंदर दिसलं. कळी एका क्षणात उमलावी तसं ते पिवळं बाजूला सरलं होतं, आणि ती हसणारच होती. मग तिने वर बघितलं. गजराकाकू पदराचं टोक तोंडाशी धरून बसली होती. भागूकाका उगाच आभाळाकडे बघत होता. आबांनी, म्हणजे तिच्या आजोबांनी, वाटीवरची नजर उचलून तिच्याकडे बघितलं आणि फार मऊ आवाजात म्हटलं, "ऱ्हाऊ दे बाय. औंदा न्हाई म्हनतोय द्येव." तो आवाज मऊ नसता तर बरं झालं असतं, असं तिला घरी आल्यावर वाटलं. रागावलेल्या माणसाशी भांडता येतं.

आता दिवस कलायला लागला होता. तिसऱ्या मजल्यावरच्या खोल्यांच्या मागच्या गॅलरीत, जिथे आई भांडी घासायची, तिथे संस्कृती उकिडवी बसली होती आणि स्वतःचं बोट डोळ्यांसमोर धरून बघत होती. खाली चौकात नाशिकच्या, कल्याणच्या, नगरच्या गाड्या एकमेकींवर हॉर्न टाकत होत्या. बोट तसंच होतं. नखाखाली थोडी हळद, पेराजवळ कंपास लागल्याची जुनी खूण. यात असं काय होतं, की देवाचा भंडारा त्याच्यापासून पळावा? आबांच्या घराण्यात कुणी असं विचारत नव्हतं. दिवाळी सरली की जानकूआबा, भागूकाका आणि गजराकाकू मेंढरं घेऊन माळशेज घाट उतरायचे, कोकणात हिंडायचे, आणि उन्हाळा संपता संपता वर यायचे. निघायच्या आधी कौल. ज्याला ज्याला जायचं त्याने चुलीतल्या राखेने हात घासायचे, वाटीपुढे बसायचं, खंडोबाचं नाव घेऊन भंडाऱ्यात बोट टेकवायचं. भंडारा जागेवर राहिला तर देव संगं चालतो. बाजूला गेला तर त्या माणसाने घरी राहायचं, आणि त्यावर कुणी हूं की चूं करायचं नाही. संस्कृतीचे वडील मच्छिंद्र यांनी मेंढरं सोडून टमाटे वाहायची पिकअप धरली, त्याला बरीच वर्षं झाली. पण कौलाच्या दिवशी तेही डोक्याला टोपी घालून बसायचे. आणि या वर्षी, दोन दिवाळ्या मागे लागून, रडून, जेवण टाकून, संस्कृतीने कबूल करून घेतलं होतं की सुट्टी संपेपर्यंत तीही चालणार. पहिला मुक्काम पिंपरी पेंढारला, मग ओतूर, मग घाट. घाटाच्या तोंडाशी उभं राहिलं की खाली कोकण दिसतं, आणि ढग आपल्या पायाखाली असतात, असं काका सांगायचा.

ढग पायाखाली. तिने बोट खाली घेतलं. तिला रडू येत होतं, पण ते सगळंच रडू नव्हतं. त्यात दुसरंही काहीतरी होतं, खाज सुटावी तसं. तिने कोपऱ्यातली स्टीलची ताटली उचलली, नळाखाली धरली, आणि स्वयंपाकघरातून हळदीचा डबा आणला. देव रागावला असेल तर इथेही रागावेल. तिने हळद भुरभुरली, डोळे मिटले, बोट टेकवलं आणि एक डोळा किलकिला केला. हळद जागेवर. बोट उचललं, पुन्हा टेकवलं. जागेवर. एक दोन कण तर बोटाला बिलगायला आले. म्हणजे शिवारात रागावलेला देव फाट्यावर रागावलेला नव्हता? का फाट्यावरच्या हळदीत देव नव्हताच? दोन्ही गोष्टी तिला पटेनात. डबा तोच होता. भंडारा कमी पडेल म्हणून सकाळी आईनेच यातली हळद पुडीत बांधून नेली होती, आणि तीच वाटीत पडली होती.

तिने बोट नाकाशी नेलं. सवयच होती तिला ती. वर्गात साधना एकदा म्हणाली होती, तुझ्या दप्तराला मेंढरांचा वास येतो, आणि बाकावर सरकून बसली होती. तेव्हापासून संस्कृती घरातून निघताना दप्तर हुंगायची, बाही हुंगायची, हात हुंगायची. कधी वास यायचा, कधी नाही, आणि आला की तिला लाज वाटायची, आणि लाज वाटली याची पुन्हा वेगळी लाज वाटायची, कारण तो वास आबांचा होता. आणि सकाळी? सकाळी कसला वास होता बोटाला? सोयाबीन काढलेलं रान, मेंढरांच्या मुताचा उग्र दर्प, चुलीचा धूर, आणि त्या सगळ्यात न बसणारा असा एक गोड, गुलाबी वास. तिला लख्ख आठवलं. तिने कोकराला पोटाशी धरलं होतं, मग चिवड्याच्या ताटलीकडे हात नेला, आणि आई ओरडली, "आधी हात धू!" आईने पिशवीतून हात धुवायच्या साबणाची बाटली काढली, तिच्या तळव्यावर गुलाबी थेंब टाकला. तेव्हा गजराकाकू खळखळून हसली होती. "आगं पुष्पा, कोकराला हात लावला तर सोनं झालं म्हनायचं! साबन कसला लावतीस पोरीला? धू म्हनावं राखंनं." आई म्हणाली, "राहू द्या आक्का, तिला सवय नाय राखेची." कळशीतलं पाणी पुरवून वापरायचं होतं, म्हणून ओंजळभर पाण्यात हात बुचकळले न बुचकळले, तोवर आबांनी हाक मारली होती, "चला, वाटी मांडली."

शाळेत मेंढरांचा वास, मेंढरांत साबणाचा वास. संस्कृतीला हसू आलं आणि ते हसू पूर्ण व्हायच्या आत ती उठून मोरीतली ती साबणाची बाटली घेऊन आली. ताटलीतलं पाणी तेच, हळद तीच. बोटाच्या टोकाला अगदी पुसट गुलाबी. टेकवलं.

हळद काठाला.

किती जलद! डोळ्याचं पातं लवेपर्यंत. काही कण तर साय फाटल्यासारखे हळूहळू तळाला चालले होते. तिने लगेच दुसऱ्यांदा बोट टेकवलं, पुन्हा ती गंमत बघायला. काहीच झालं नाही. आणखी साबण घेतला. काही नाही. भरपूर घेतला. हळद काठाला निपचित पडून राहिली, जणू तिला आता कशाचंच काही वाटत नव्हतं. संस्कृतीने पाणी ओतून दिलं, ताटली खळखळून धुतली, हातही धुतले, नवं पाणी, नवी हळद. साबणाचं बोट. पळाली. पुन्हा बोट. ढिम्म. म्हणजे एकदाच. एका पाण्याला एकदाच. आतून आई म्हणाली, "किती हळद नासतीयस गं? आणि दिवेलागणीला काय गॅलरीत बसलीस?" "अभ्यास करतीय," संस्कृती म्हणाली, आणि तिला जाणवलं की ती खोटं बोललेली नाही.

पण एकदाच का? आणि पळते ती का? साबणाचा एवढासा थेंब, मुंगीने उचलावा इतका. तो एवढ्या सगळ्या हळदीला ढकलतो कसा? ढकलत असेल तर दुसऱ्यांदा का ढकलत नाही, दमतो का? तिने आईच्या शिवणाच्या डब्यातून दोरा आणला, हातभर तोडला, दोन्ही टोकं एकमेकांना बांधून नव्या पाण्यावर अलगद सोडला. दोरा पाण्यावर पडून राहिला, वेडावाकडा, मळलेल्या वाटेसारखा. तिने साबणाचं बोट दोऱ्याच्या बाहेर न टेकवता आत टेकवलं. असंच, काहीतरी वेगळं म्हणून. आणि दोरा ताडकन गोल झाला. बांगडीसारखा गोल. तिने सुईच्या टोकाने त्याला हळूच डिवचलं. तो ताणलेला होता, सगळीकडून सारखा, आणि सुई काढताच पुन्हा गोल. आतून कोण ढकलत होतं? आत तर काहीच नव्हतं. आत उलट सगळं ढिलं पडल्यासारखं दिसत होतं.

ढिलं. तो शब्द तिच्या मनात नुसता येऊन थांबला, आणि त्याच्या मागोमाग गेल्या वर्षीची, दिवाळीआधीची एक सकाळ आली, जिच्याशी या ताटलीचा काही संबंध असेल असं तिला कधी वाटलं नसतं. मेंढरं कोंडायची जाळी एका रानातून दुसऱ्या रानात न्यायची होती. चार कोपऱ्यांना चौघं: काका, काकू, आबा आणि ती. जाळी मधे ताणलेली, सगळे आपापल्या बाजूला ओढून धरून उभे. तिच्या नाकाला खाज सुटली आणि तिने हात सोडले. जाळी तिच्याकडून निसटून सुसाट काकाकडे गेली आणि काका शेणात बसला. काकूला हसू आवरेना. काका ओरडला, "आगं, ढकललंस का काय मला?" आणि ती म्हणाली होती, "मी कुठं ढकललं! मी तर सोडलं!"

"मी तर सोडलं," संस्कृती गॅलरीत बसून मोठ्यांदा म्हणाली.

पाणी पाण्याला धरून होतं. ती साय म्हणजे कसली साय नव्हतीच, ती पकड होती; सगळीकडून सारखी ओढ, म्हणून सगळं स्थिर. साबणाने ढकललं नव्हतं कुणालाच. साबणाने फक्त आपल्यापाशी ती पकड ढिली केली, आणि पलीकडच्या पाण्याने मात्र आपला कोपरा सोडला नव्हता. त्यानेच ओढून नेलं, हळदीला, दोऱ्याला, पाण्याच्या पापुद्र्याला. आणि साबण सगळीकडे पसरून सगळीकडची पकड सारखीच ढिली झाली, की कोण कुणाला ओढणार? मग ढिम्म. तिला वाटलं, आपण काहीतरी फार मोठं पकडलं आहे आणि ते आत्ता निसटेल. ती हलली नाही. भंडारा तिच्यापासून पळाला नव्हता. तिच्या बोटात वाईट काही नव्हतं. त्याला फक्त काठाकडच्या पाण्याने ओढून नेलं होतं. मग तिने डोक्याचं खोबरेल बोटाला लावून नव्या पाण्यावर बघितलं. तेलानेही हळद सरली. मग देवघरातल्या उदबत्तीची राख बोटांना चोळून, खळखळून धुऊन बघितलं. हळद निवांत जागेवर. म्हणून राख! राखेने हात कोरे होतात. कोऱ्या हाताला पाणी नेहमीच हो म्हणतं.

नेहमीच. इथे तिचा आनंद अडखळला. कारण सकाळी तिच्यानंतर, त्याच वाटीत, त्याच पाण्यात, आबांनी बोट टेकवलं होतं.

त्या कौलाची खरं तर सगळ्यांनाच धास्ती होती. आबांच्या छातीत गेल्या पावसाळ्यापासून घरघर होती. मंचरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, घाट चढणं उतरणं नको, कोकणातली दमट हवा नको, उघड्यावरचं झोपणं तर नकोच. वडील महिनाभर समजावत होते आणि आबा ऐकत नव्हते. शेवटी ठरलं, कौल सांगेल तसं. आणि काठाला गेलेला भंडारा आबांच्या बोटाने जरासुद्धा हलला नाही. "हालला न्हाई," आबा म्हणाले होते, "म्हंजी मला येऊ देतोय." तेव्हा वडिलांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती आणि बराच वेळ ती तशीच ठेवली होती. पण ते पाणी तर आधीच ढिलं पडलेलं होतं. त्यात कुणीही बोट घातलं असतं तरी काही हललं नसतं. आबांना मिळालेला हो हा हो नव्हताच. ते नुसतं गप्प बसलेलं पाणी होतं.

वडील घरी आले तेव्हा तिने त्यांना सगळं करून दाखवलं. साबण, तेल, राख, दोरा. ते हातपाय न धुताच ताटलीवर वाकले. लहान मुलासारखे म्हणाले, "परत कर. परत." आणि मग एकदम ताठ झाले. "म्हंजे आबांचा कौल झालाच न्हाई."

"माझा पण नाय झाला," संस्कृती म्हणाली.

"हा, तुझा पण," ते म्हणाले, पण त्यांचं लक्ष तिच्याकडे नव्हतं. ते आईला सांगत होते, "उद्या निघायच्या आधी परत घ्यायला लावतो. पुष्पा, ऐकलंस का? परत घ्यायला लावतो." त्यांच्या आवाजात किती दिवसांनी अशी हलकी हवा भरली होती. संस्कृतीला मात्र कसंतरीच झालं. तिला फक्त हळद का पळते ते हवं होतं. त्या एका प्रश्नाचा दोरा ओढला तर त्याच्या दुसऱ्या टोकाला आबा बांधलेले असतील, हे तिला कुठे माहीत होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पोचले तेव्हा शिवारात बिऱ्हाड आवरत आलं होतं. घोड्यावर ओझी चढली होती, मेंढरं एकमेकांत तोंडं खुपसून अधीर झाली होती. आबा कोवळ्या उन्हाला पाठ देऊन बसले होते आणि लहान वाटीतलं कोमट ओव्याचं तेल दोन्ही हातांनी छातीला चोळत होते. वडिलांनी जास्त प्रस्तावना केली नाही. "आबा, काल पोरीच्या हाताला साबन व्हता. त्यानं पानी बिघाडलं. तिचाबी कौल खोटा आन तुमचाबी. परत घ्या."

"साबन?" आबा म्हणाले.

"मी म्हनलं व्हतं का न्हाई, पुष्पा?" गजराकाकू कमरेवर हात ठेवून म्हणाली. "लई सोवळं!" आईने पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

आबांनी थोडा वेळ सगळ्यांच्या तोंडांकडे बघितलं. "बरं. आना वाटी. मला कुठं पळायचंय?"

भागूकाकाने नवं पाणी भरलं, भंडारा टाकला. वाटी आबांच्या पुढ्यात आली. ते खंडोबाचं नाव पुटपुटत होते, आणि त्यांचा उजवा हात छातीवरून निघून वाटीकडे चालला होता. उन्हात ती बोटं चकाकत होती. संस्कृतीने ती चकाकी बघितली. मग तिने वडिलांकडे बघितलं. वडिलांनीही ती बघितली होती. त्यांची नजर आबांच्या बोटांवर क्षणभर ठरली आणि घाईघाईने मेंढरांकडे गेली, आणि त्या घाईवरून तिला कळलं की त्यांना सगळं ठाऊक आहे आणि ते बोलणार नाहीत. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. ते वाईट नव्हते. त्यांना त्यांचा बाप हवा होता. बोट पाण्याला टेकलं असतं की भंडारा काठाला, आबा घरी, डॉक्टर खूश, वडील सुखी, आणि देवाचा शब्द म्हणून कुणी वादही घातला नसता. नुसतं गप्प राहायचं होतं. गप्प राहणं इतकं जड असतं हे तिला आजवर माहीत नव्हतं. आणि बोलली, आबांना राख दिली, तर ते जाणार, आणि उद्या घाटात कुठेतरी ती घरघर... तिला वाटलं, या क्षणी ती स्वतःच एक दोरा आहे आणि दोन्हीकडचं पाणी तिला आपल्याकडे ओढतंय, आणि कुणीच आपला कोपरा सोडत नाही.

तिने आबांचं मनगट धरलं.

"आबा, थांबा. तेलाच्या हातानं भंडारा पळतो. राखेच्या हातानं थांबतो. मी सगळं करून बघितलंय." तिने मनगट सोडलं नाही. "पाण्याला तुमचं काय माहीत नाय, आबा. तुम्हाला कसं पायजे ते तुम्हीच सांगा. मी तसा हात करून देते."

"आगं बया!" गजराकाकू म्हणाली. "कार्टीनं द्येवाचंच काम हातात घेतलं."

"संस्कृती!" वडील म्हणाले, पण त्यात दम नव्हता.

आबांनी हात मागे घेतला. उलटा केला, सुलटा केला, तेल बघितलं. मग वडिलांकडे बघितलं. "मच्छिंद्र, तुला ठावं व्हतं?" वडिलांनी जमिनीकडे बघितलं, आणि ते खोटं बोलले नाहीत हेच खूप होतं. आबांना हसू फुटलं. हसू खोकल्यात गेलं, खोकला लांबला, इतका लांबला की मेंढरंसुद्धा माना वळवून बघायला लागली. खोकला थांबल्यावर आबांनी घाटाच्या दिशेला बघितलं.

"छाती न्हाई म्हनती," ते म्हणाले. "पाय व्हय म्हनत्यात. कुनाचं ऐकायचं?" आणि मग, हिशोब जुळल्यासारखं, "घाटाच्या तोंडापत्तूर जातो. खाली भागू उतरंल. तिथून मला माघारी आनायला कोनतरी लागंल. येशील का?" ते संस्कृतीकडे वळले. "मंग सांग आता, बाय. अर्धं जायाचं आन अर्धं ऱ्हायाचं, एवढ्याला कसा हात धुत्यात?"

संस्कृती विचारात पडली. ताटलीत तिने हे करून बघितलं नव्हतं. ती उठली, चुलीपाशी गेली, विझलेल्या निखाऱ्यांच्या कडेची मऊ राख मुठीत घेतली आणि आबांच्या पुढ्यात येऊन बसली. त्यांचा उजवा हात मांडीवर घेऊन तिने एकेक बोट, एकेक पेर राखेने चोळलं, बोटांच्या बेचक्यांतलं तेल काढलं, वरून कळशीची धार सोडली, पाणी बोटांवरून कोरं निथळेपर्यंत. डावा हात तिने तसाच तेलकट राहू दिला, घरी राहायच्या अर्ध्यासाठी.